लक्ष्मीबाई टिळक : काळजीतून शांतीकडे

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हणणार होते. पाककृती लिहिणाऱ्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत, कविता करणाऱ्याही आहेत. मला यातले काहीच जमत नाही. मग मनात आले की ज्या एका बाईने मला माझ्या वाईट दिवसांत धीर दिला, तिच्याविषयीच चार शब्द लिहावेत. ती बाई आपल्या कुडव्याची नव्हे. तिचा धर्म माझा नव्हे, आणि तिला जाऊनही आता नव्वद वर्षांच्या घरात काळ लोटला. तरी पण ती मला शेजारच्या घरातल्या मावशीसारखी वाटते. तिचे नाव लक्ष्मीबाई टिळक.

आधी थोडे माझे सांगते, म्हणजे तिची ओळख कशी झाली ते कळेल. माझा स्वभाव मुळातच काळजीखोर. धान कापून खळ्यावर आले आणि आभाळ भरले की माझ्या पोटात गोळा येई. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, त्या वर्षी तर झोपच उडाली. रात्री दोन वाजता जाग यायची. मग उठून दाराची कडी पाहायची, शेगडीचे बटण पाहायचे, परत येऊन पडायचे, आणि कडी खरेच लावली होती ना, म्हणून पुन्हा उठायचे. आपल्या कुडव्यात रात्री सारे सामसूम झाले की गोंदिया स्टेशनाकडून आगगाडीची शिटी ऐकू येते. ती ऐकत मी पहाट करीत असे. घरात सांगावे तर सगळे म्हणत, उगाच काळजी करतेस. उगाच आहे हे मलाही कळत होते. पण कळून काळजी जाते थोडीच!

त्या दिवसांत मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटातले ‘स्मृतिचित्रे’ हे लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र एका मैत्रिणीने माझ्या हातात ठेवले. ते मी वाचू लागले आणि थोड्याच पानांत माझ्या लक्षात आले, की ही बाई माझ्याहून कितीतरी मोठ्या काळजीतून गेलेली आहे, आणि तरीही हसते आहे. तिला हे हसू कुठून सापडले, हे मला जाणून घ्यावेसे वाटले. ते मला जसे उमजले, तसे सांगते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ चा, नाशिककडील जलालपूर गावचा. माहेरच्या त्या गोखले. माहेरचे नाव मनकर्णिका, पण सगळे मनू म्हणत. या मनूच्या जन्मापूर्वीच त्या घरावर एक मोठे संकट येऊन गेले होते. १८५७ च्या धामधुमीत तिच्या आईच्या वडिलांना इंग्रजांनी फाशी दिले. त्या धक्क्याने मनूच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. वेड म्हणते ते उगाच नव्हे. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घरात घ्यायची, असा त्यांचा दंडक होता. मिठासारखी पाण्यात विरणारी वस्तूसुद्धा त्यातून सुटत नसे. कोणाचा स्पर्श झाला, कोणाची सावली पडली, याची धास्ती त्या घरात दिवसभर वावरत असे. बायकांचा जीव पाणी भरण्यात आणि धुण्यातच जाई.

लक्ष्मीबाई हे सगळे अशा गमतीने सांगतात की वाचताना हसू येते. पण पुस्तक मिटून मी विचार करू लागले, तेव्हा हसू मावळले. ते घर भीतीचे घर होते. एका माणसाच्या मनात बसलेली धास्ती साऱ्या घराचा धर्म होऊन बसली होती. आणि माझे ते रात्री उठून कडी पाहणे, ते तरी काय वेगळे होते? त्यांच्या वडिलांनी मीठ धुतले, मी कडी तपासली. मन एकदा भ्याले म्हणजे त्याला धुण्याला किंवा तपासायला काहीतरी लागते.

वयाच्या अकराव्या वर्षी मनूचे लग्न झाले आणि ती नारायण वामन टिळकांची पत्नी लक्ष्मी झाली. नवरा तेव्हा अठरा वर्षांचा होता. टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आपण शाळेत ज्यांच्या कविता पाठ केल्या, ते फुलांमुलांचे कवी हेच रेव्हरंड टिळक. बुद्धी तेजस्वी, संस्कृतचा व्यासंग मोठा, मन लोण्यासारखे मऊ, आणि स्वभाव वाऱ्यासारखा. आज या गावी नोकरी, तर उद्या त्या गावी. हातात पैसा आला की समोर जो गरजू दिसेल त्याला देऊन मोकळे होत. घरात उद्याला पीठ आहे की नाही, हा प्रश्न त्यांना पडतच नसे. तो लक्ष्मीबाईंना पडे. कधी न सांगता निघून जात, आणि मग कुठे गेले, केव्हा येतील, या विचारात बाईंनी दिवस मोजायचे. लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांना अक्षरओळख झाली ती नवऱ्याकडूनच, आणि तीही त्यांच्या लहरीप्रमाणे, थांबत थांबत. आधीची मुले लहानपणीच गेली. १८९१ साली दत्तू झाला, तो मात्र जगला. तेच पुढचे देवदत्त नारायण टिळक.

आता या कथेचा आपल्या मुलखाशी जो संबंध येतो, तो सांगते. टिळक नागपुरास अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते. ते काम सुटल्यावर त्यांना राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळाली. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने निघाले. भगिनींनो, नवरात्रात बम्लेश्वरीच्या दर्शनाला आपण ज्या मार्गाने डोंगरगडला जातो, तोच हा मार्ग. तेव्हा आपला गोंदिया जिल्हा नव्हता. तो १ मे १९९९ रोजी झाला. त्या काळी हा भाग मध्यप्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात मोडत असे. पण आगगाडी होती, आणि ती गोंदियावरूनच पुढे जात होती. त्या प्रवासात टिळकांच्या डब्यात एक युरोपीय गृहस्थ होते. दोघांचे बोलणे साहित्यावरून धर्मावर आले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी टिळकांना बायबलातला नवा करार भेट दिला, आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले.

टिळकांनी ते पुस्तक वाचायला घेतले, आणि येशू ख्रिस्ताने डोंगरावर बसून केलेल्या उपदेशापाशी आल्यावर ते त्यात बुडून गेले. त्या उपदेशात आकाशातल्या पाखरांचा आणि रानातल्या फुलांचा दाखला देऊन, माणसाने उद्याच्या काळजीने झुरू नये अशी शिकवण आहे. मला गंमत वाटते ती अशी, की टिळकांना ही शिकवण नव्याने द्यायची गरजच नव्हती! उद्याची काळजी त्यांनी कधी केलीच नाही. त्यांच्या वाटणीची सगळी काळजी त्यांची बायको करीत होती. ज्या उपदेशाची गरज घरातल्या बाईला होती, तो आधी घरातल्या पुरुषाच्या हाती पडला, आणि त्याने त्या बाईच्या डोक्यावर नवा डोंगर कोसळला.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मंदिरात बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याजवळ नव्हत्या. ही बातमी त्यांना माहेरच्या माणसांत असताना कळली. त्या काळी याचा अर्थ काय होता, हे आजच्या मुलींना सांगूनही समजणार नाही. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी जाता येत नाही. कुंकू आहे, पण संसार नाही. पदरात चार वर्षांचे मूल. नातेवाईक प्रेमाने सांभाळणारे होते, पण बाहेर लोकांची तोंडे कोण धरणार? त्यांच्या बहिणीच्या घरच्यांनी त्यांना आधार दिला. काही काळ त्या पंढरपुरास राहिल्या. विठोबाच्या दारी राहूनही त्यांच्या मनाचा दाह शमेना. त्या रडत, जेवण टाकीत, झोप तर नव्हतीच. त्या दुःखातच त्यांना कविता सुचू लागल्या. ज्या बाईला नीट लिहिताही येत नव्हते, तिच्या तोंडून ओळी बाहेर पडू लागल्या.

इथवर वाचून मी एकदा पुस्तक बाजूला ठेवले होते. कारण मला टिळकांचा राग आला. माणसाला एखादा धर्म पटला, तर पटो. पण बायकोला अंधारात ठेवून असे पाऊल टाकायचे, हे मला आजही पटत नाही. लक्ष्मीबाईंनी त्यांना क्षमा केली, म्हणून मीही करते, एवढेच. पण एक गोष्ट टिळकांच्या बाजूने सांगितली पाहिजे. त्यांनी दुसरे लग्न केले नाही, बायकोची वाट पाहिली, आणि पुढे ती आली तेव्हा आपला नवा धर्म तिच्यावर लादला नाही.

काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाईंनी ठरवले की नवऱ्याजवळ राहायचे. माणसांचा विरोध होता, तरी दत्तूला घेऊन त्या अहमदनगरकडे गेल्या. आपला धर्म सोडायचा नाही, असा निश्चय करून गेल्या होत्या. त्यांचे सोवळे वेगळे, पाणी वेगळे, चूल वेगळी. टिळकांनी ही सारी व्यवस्था त्यांच्या इच्छेप्रमाणे करून दिली. एकाच संसारात दोन धर्म नांदू लागले. टिळकांकडे सर्व जातींची माणसे येत. बाई आपले सोवळे सांभाळीत आणि बघत राहत.

पुढे राहुरीस असताना त्यांच्या मनाने कौल दिला. त्यांना कोणी वादात हरवले नाही, की कोणी आमिष दाखवले नाही. त्या स्वतःशीच विचार करीत होत्या. ही जात केली कोणी? देवाने केली असती, तर पशुपक्ष्यांत जशा जाती डोळ्यांना दिसतात, तशा माणसांतही दिसल्या असत्या. मग ही तर माणसांचीच करणी! हा विचार मनात पक्का झाला आणि त्यांनी ठरवले, की आजपासून कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे. जलालपूरच्या घरात ज्या भीतीने मीठ धुतले जात होते, ती भीती त्यांच्या मनातून त्या दिवशी निघून गेली.

त्यांचे ख्रिस्ती होणे मला इथून सुरू झालेले दिसते. बाप्तिस्मा त्यांनी पुढे १९०० साली घेतला, म्हणजे टिळकांनंतर पाच वर्षांनी. मधल्या काळात त्या ऐकत होत्या, वाचत होत्या, वाद घालीत होत्या. देव म्हणजे चुका मोजणारा कोणी कडक अधिकारी नाही, तो लेकराला जवळ घेणारा बाप आहे, आणि त्याच्या घरात कोणीही विटाळाचा नाही, हा भाव त्यांना त्या नव्या श्रद्धेत गवसला. आपल्या संतांनीही हेच सांगितले आहे, असे तुम्ही म्हणाल, आणि ते खरेच आहे. टिळक स्वतः तुकोबांचे ऋण मान्य करीत, आणि ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी अभंग, भजने आणि कीर्तने सोडली नाहीत. त्यांची पदे आजही मराठी ख्रिस्ती मंदिरांत म्हटली जातात. पण प्रत्येक माणसाच्या कुलपाची किल्ली निराळी असते. लक्ष्मीबाईंचे कुलूप या किल्लीने उघडले.

आता कुणी म्हणेल, शांती मिळाली म्हणजे पुढे सगळे सुखाचे झाले असेल. मलाही तसेच वाटले होते. झाले ते उलटेच. श्रद्धा बदलली, पण टिळकांचा हात काही बदलला नाही. पैसा पूर्वीसारखाच आला तसा जाई. वर दुष्काळ आला. १८९९-१९०० चा तो छप्पनचा दुष्काळ महाराष्ट्राच्या आठवणीतून अजून गेलेला नाही. टिळकांच्या घरात अनाथ मुले येऊ लागली. आधीच घरात पीठ मोजून, त्यात ही परक्यांची लेकरे. आणि लक्ष्मीबाईंनी ती स्वतःची म्हणून वाढवली. प्लेगच्या साथीत जिथे रक्ताची माणसे रोग्याला टाकून पळत होती, तिथे त्या रोग्यांची शुश्रूषा करीत राहिल्या. ज्या घरात कोणाची सावलीसुद्धा चालत नव्हती, त्या घरची मुलगी प्लेगच्या रोग्यांना हाताने धरून उठवीत होती, पाणी पाजीत होती.

हे वाचताना मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळू लागले. माझी समजूत अशी होती, की आधी मन शांत होईल आणि मग मी दुसऱ्यांसाठी काही करू शकेन. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात शांती अशी आधी येऊन बसली नाही. भूक लागलेली मुले समोर होती, त्यांना जेवू घालता घालता ती आली. मनात काळजी होती, पण हात दुसऱ्याच्या कामात गुंतलेले होते, आणि उरलेला भार प्रार्थनेत देवावर सोपवलेला होता. हिशेब त्या ठेवीतच राहिल्या. घरातला कोणीतरी हिशेब ठेवलाच पाहिजे! पण हिशेब ठेवणे निराळे आणि झुरणे निराळे, हे त्यांना कळले होते.

शांतीची खरी परीक्षा मात्र पुढे व्हायची होती. अहमदनगरास असताना त्यांच्या घरी एक तरुण कवी राहायला आला. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच आपले बालकवी. मोठा हळवा मुलगा. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. रुसला तर समजूत काढली, चुकला तर रागावल्या. ५ मे १९१८ रोजी खानदेशातल्या भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून बालकवी गेले. वय अवघे सत्तावीस. ते दुःख ओले असतानाच, बरोबर एक वर्ष आणि चार दिवसांनी, ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळकांचेही निधन झाले. मरणापूर्वी दोन वर्षे, १९१७ साली, त्यांनी मिशनची नोकरीही सोडून साताऱ्यास देवाचा दरबार नावाचे नवे काम मांडले होते. म्हणजे मागे पैसा असा काही राहिला नव्हता. लक्ष्मीबाईंचे वय तेव्हा पन्नाशी ओलांडलेले.

एके काळी नवरा चार दिवस दिसेनासा झाला तर ज्या अन्नपाणी टाकीत, त्या लक्ष्मीबाई आता काय करतील, असे मला वाचताना वाटत होते. त्या रडल्या. खूप रडल्या असणार. श्रद्धा असली म्हणजे डोळ्याला पाणी येत नाही, असे मुळीच नाही. पण त्या मोडल्या नाहीत. पंढरपुरात नवरा दूर गेला तेव्हा त्यांना वाटले होते की आपण एकट्या पडलो. आता नवरा या जगातूनच गेला, तेव्हा मात्र त्यांना तसे वाटले नाही. दोन्ही वेळचे दुःख सारखेच, किंबहुना दुसरे मोठे. मधल्या चोवीस वर्षांत त्यांच्या मनाला जो आधार सापडला, त्याने एवढा फरक केला.

पुढे त्या मुलाकडे कराचीस राहिल्या. नवे गाव, नवी भाषा, तरी तिथेही त्यांनी माणसे जोडली. टिळकांनी येशूचे चरित्र मराठी ओवीत लिहायला घेतले होते. ‘ख्रिस्तायन’ हे त्याचे नाव. काही अध्याय झाले आणि ते गेले. ते अपुरे काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी त्याचे ६४ अध्याय लिहिले. जो शेवट राहिला, तो मुलाने पुरा केला. आपल्याला शिकवताना अधूनमधून कंटाळणाऱ्या नवऱ्याचे महाकाव्य विद्यार्थिनीने पुढे नेले, याचे मला फार कौतुक वाटते.

आणि ‘स्मृतिचित्रे’! तेही असेच झाले. देवदत्त टिळकांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहून दे म्हटले. आईने लिहायला घेतले, आणि नवऱ्याच्या आठवणी लिहिता लिहिता स्वतःचेच सारे आयुष्य कागदावर उतरले. आधी त्या ‘संजीवनी’त येऊ लागल्या. मग १९३४ पासून पुस्तकाचे भाग निघाले. शेवटचा भाग त्यांच्या मृत्यूनंतर आला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकास लक्ष्मीबाईंनी डोळे मिटले. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत आज या पुस्तकाचे नाव पहिल्या ओळीत घेतात. त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले आहे.

पंडितांनी या पुस्तकाची स्तुती त्याच्या साध्या भाषेसाठी केली आहे. मला मात्र त्यातले हसू सर्वांत मोलाचे वाटते. ज्या वडिलांनी सोवळ्यापायी घर जाचून सोडले, त्यांच्यावर राग नाही. ज्या नवऱ्याने न सांगता धर्म बदलला, त्याच्यावर डूख नाही. स्वतःच्या चुका, स्वतःचा हट्ट, स्वतःचे भित्रेपण, सारे मोकळेपणाने सांगून टाकले आहे. आपण आपल्या काळजीला केवढा मान देतो! तिला पाटावर बसवतो, तिच्याभोवती दिवसभर फिरतो. लक्ष्मीबाईंनी म्हातारपणी आपल्या साऱ्या काळज्यांना एका ओळीत बसवले आणि त्यांच्याकडे पाहून त्या हसल्या. मनाला शांती मिळाली की नाही, हे ओळखायची मला यापेक्षा चांगली खूण ठाऊक नाही.

आता शेवटी तुम्ही विचाराल, की मग तुझी झोप परत आली का? खोटे बोलत नाही. अजूनही एखाद्या रात्री जाग येते. पाऊस अवेळी आला तर पोटात गोळाही येतो. मी माझे देवघर बदललेले नाही, आणि लक्ष्मीबाईंनाही कोणी तसे करावे म्हणून पुस्तक लिहायचे नव्हते. पण त्यांच्याकडून मी दोन गोष्टी घेतल्या. रात्री जाग आली, तर उठून कडी पाहायला जात नाही. हात जोडून, जे माझ्या हातात नाही ते देवाला सांगून टाकते. आणि सकाळी उठले की ज्या घरात कोणी आजारी आहे, जिथे एखादी म्हातारी एकटी आहे, तिथे अर्धा तास जाऊन येते. मागच्या पावसाळ्यात आपल्याच गल्लीत तापाने दोन-तीन घरे अंथरुणाला खिळली होती. त्यांना आळीपाळीने भाकरी पोचवताना माझ्या लक्षात आले, की त्या आठवड्यात मला मुलाच्या फोनची वाट पाहायची आठवणच राहिली नाही. फोन आला, तेव्हा मी दुसऱ्याच्या चुलीपाशी होते.

आपल्या मंडळात कोणी ख्रिस्ती भगिनी आली, तर तिने या लिहिण्यात चूक असेल ती सांगावी. तिला ही श्रद्धा घरची आहे, मी तर उंबऱ्यावरून पाहिलेली आहे. बाकीच्या भगिनींना एवढेच सांगते, की ‘स्मृतिचित्रे’ कपाटात परत ठेवले आहे. पुस्तक जाडजूड दिसले तरी भिऊ नका, ते वाचायला फार सोपे आहे. ज्या रात्री झोप येणार नाही, त्या रात्री ते उशाशी घेऊन वाचा. गोंदियाकडून गाडीची शिटी ऐकू आली, की याच वाटेने एके काळी एक लहरी कवी एक पुस्तक हातात घेऊन गेला होता, आणि त्या पुस्तकाने शेवटी त्याच्यापेक्षा त्याच्या काळजीने थकलेल्या बायकोला अधिक विसावा दिला, हे आठवा.